विरोधी बाकावरचे उकिडवे काका

मुरलीधर उकिडव्यांनी आयुष्यात एकही ठराव जिंकला नाही. हे मी चेष्टेने म्हणत नाही, आणि म्हटलं तरी त्यांना राग येणार नाही. आठ वर्षं ते आमच्या बरोच्या, म्हणजे लंडनमधल्या आमच्या भागाच्या, कौन्सिलमध्ये विरोधी बाकावर बसले, दोनदा पार्लमेंटला उभे राहिले, आणि दर वेळी हरून, कोटाची बटणं नीट लावून, बसने घरी आले. सुप्रभाकाकू दार उघडायच्या आणि त्यांच्या तोंडाकडे न बघताच म्हणायच्या, "हरलात ना? हात धुवा, वाढते."

बरोचं नाव मी सांगत नाही. हाउन्सलो आणि ईलिंगच्या आसपासचा, विमानं डोक्यावरून जाणारा भाग, एवढं पुरे. पक्षाचंही नाव सांगत नाही. सांगितलं की निम्मे लोक काकांना तिथेच मोडीत काढतील आणि उरलेले निम्मे त्यांना साधुसंत ठरवतील, आणि ते दोन्ही नव्हते.

काका मूळचे नागपूरचे. त्र्याहत्तर साली आले आणि इथल्या हॉस्पिटलांमध्ये भूल देण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झाले. कौन्सिलमध्ये ते बोलायला उभे राहिले की "डॉक्टरांनी जुना धंदा सोडलेला नाही" असं समोरचे म्हणत, आणि त्यात तथ्य होतं. प्रत्येक वाक्याआधी ते "विथ रिस्पेक्ट" म्हणत. इंग्रज माणूस हे शब्द समोरच्याची अक्कल काढायच्या आधी वापरतो. काका ते खरोखर आदराने म्हणत, आणि मग सत्ताधाऱ्यांना कळायचं नाही की आता रागवायचं कशावर.

राजकारणात ते शहाण्णव साली शिरले. शेजारच्या एका भल्या बाईने चहाला बोलावलं, बिस्किटं दिली आणि मेंबरशिपचा फॉर्म पुढे केला. चहा घेऊन नाही कसं म्हणायचं, म्हणून काकांनी सही केली. पुढच्याच वर्षी तो पक्ष देशभर असा काही आपटला की शेजारची बाईही दुसरीकडे गेली. काका राहिले. आपण आल्यामुळेच पक्ष हरला की काय अशी त्यांना थोडी शंका होती, आणि अशा वेळी सोडून जाणं त्यांना बरं दिसेना.

अठ्ठ्याण्णव साली ते आमच्या वॉर्डातून निवडून आले. ऑपरेशनच्या टेबलावर ज्यांचा हात त्यांनी धरला होता अशी निम्मी गल्ली होती, गुजराती, पंजाबी, आयरिश, सगळे. त्या लोकांनी पक्ष बघितलाच नाही. पत्रकं मी वाटत होते, कारण मी त्यांच्या समोरच्या घरात राहते आणि मला नाही म्हणता येत नाही. हा आमच्याकडचा साथीचा रोग आहे.

पार्लमेंटची कथा त्याहून मजेची. दोन हजार एकच्या निवडणुकीत पक्षाने त्यांना उत्तरेकडचं एक मासेमारीचं गाव दिलं. तिथे पक्षाचा माणूस कुणाच्या आठवणीत निवडून आलेला नव्हता. काका खूश. तीन आठवडे काकू आणि ते एका खानावळवजा घरात राहिले आणि दारोदार हिंडले. एका घरात म्हातारीने त्यांना बदली डॉक्टर समजून आत घेतलं आणि गुडघा दाखवला. काकांनी गुडघा तपासला, औषधं वाचली, कुठली गोळी बंद करायला डॉक्टरला सांगायचं ते समजावलं, आणि मग निघताना मत मागितलं. म्हातारी म्हणाली, "मी नेहमी त्या दुसऱ्यांना देते हो, पण गुडघ्याबद्दल थँक यू." पाच साली पक्षाने त्यांना आणखी एक असंच गाव दिलं. तिथे गुडघाही कुणी दाखवला नाही.

कौन्सिलमध्ये मात्र त्यांचं एक ठाम काम होतं, लॅबर्नम रोडचा हॉल. गळक्या छपराची, विटांची बुटकी इमारत. आमचा गणपती तिथे बसायचा, पण ते वर्षातून एकदा. खरा जीव होता मंगळवारच्या लंच क्लबात, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या दुपारच्या पंगतीत. माझ्या सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा दिवसभर खिडकीत बसून विमानं बघायच्या. मी आणि ज्ञानेश्वर, म्हणजे माझा नवरा, सकाळी बाहेर पडायचो ते दिवे लागल्यावर यायचो. काकांनी त्यांना हाताला धरून त्या क्लबात नेलं. तिथे त्या बिंगो शिकल्या, डोरीन नावाच्या एका गोऱ्या म्हातारीशी त्यांची गट्टी जमली, आणि दोघी एकमेकींची भाषा येत नसताना तासन् तास बोलायला लागल्या. कशाबद्दल, ते मला अजून माहीत नाही. मंगळवारी सासूबाई सकाळी सातलाच साडी नेसून तयार असायच्या.

त्या हॉलच्या छपरासाठी काका प्रत्येक सभेत प्रश्न विचारायचे. उत्तर यायचं की विषय विचाराधीन आहे. मग ते ठराव मांडायचे, हात वर व्हायचे, ठराव पडायचा, काका घरी, हात धुवा, वाढते. हे इतकं सुरळीत चाललं होतं की यात कधी काही बदलेल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं.

दोन हजार पाचच्या शरद ऋतूत बदललं. सत्ताधाऱ्यांनी हॉल बंद करून ती जागा फ्लॅट बांधणाऱ्याला विकायचं ठरवलं. पण त्यांचं बहुमत काठावरचं होतं, आणि त्यांच्यातल्या दोघांच्या घरच्या म्हाताऱ्याच लंच क्लबात जात होत्या. त्या दोघांनी जाहीर केलं की आम्ही विरोधात मत देणार. काकांच्या पक्षाचा नेता रॉजर, नेहमी घाईत असलेला आणि घड्याळ बघत बोलणारा माणूस, त्याने हिशेब केला. सगळे हजर राहिले तर विरोधक एका मताने जिंकत होते. काकांना तीन दिवस झोप आली नाही. जिंकल्यावर काय करायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

आणि नेमकं तेव्हाच डेरेक आजारी पडला.

डेरेक सत्ताधारी पक्षाचा. लालबुंद चेहऱ्याचा, पोस्टातून निवृत्त झालेला, सात वर्षं काकांच्या बरोबर समोरच्या बाकावर बसून त्यांच्या प्रत्येक ठरावाविरुद्ध हात वर करणारा. त्याचा खुबा बदलायचं ऑपरेशन झालं आणि जखम चिघळली. त्याच्या पक्षाने कार्ड पाठवलं. कार्डावर सगळ्यांच्या सह्या होत्या. हॉस्पिटलात मात्र कुणी गेलं नाही, कारण इथे आजाऱ्याला त्रास देऊ नये अशी पद्धत आहे.

आपल्याकडे काय पद्धत आहे ते मी सांगायला नको. काका स्टीलच्या डब्यात काकूंनी केलेले रव्याचे लाडू घेऊन गेले. पुढे जे घडलं ते त्यांनी मला स्वतः, अगदी सहज, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. डेरेक काळजीत होता. म्हणाला, "मर्ली, चोवीस तारखेच्या मतदानाला हे पक्षवाले मला स्ट्रेचरवर घालून नेतील." काका म्हणाले, "तू झोपून राहा. मी पण जात नाही. तुमचा एक गेला, आमचा एक गेला, फिनिश्ड." दोघांनी हात मिळवला. डेरेकने दोन लाडू खाल्ले.

तसं बघितलं तर यात नवीन काही नाही. इथल्या राजकारणात याला पेअरिंग म्हणतात. एका बाजूचा माणूस येऊ शकत नसेल तर दुसऱ्या बाजूचा एक जण मुद्दाम गैरहजर राहतो, म्हणजे मतांचा तोल बिघडत नाही. पण ते दोन्ही पक्षांच्या व्हिपकडे, म्हणजे माणसं हजर ठेवायचं ज्यांचं काम त्यांच्याकडे, आधी नोंदवायचं असतं. नोंदवलं नाही तर ते घडलंच नाही. आणि काकांनी नोंदवलं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी हे रॉजरला कळलं तेव्हा मी काकांच्या स्वयंपाकघरातच होते.

"रजिस्टर केलंस का?" रॉजरने इंग्रजीत विचारलं.

"वी शुक हँड्स," काका म्हणाले.

रॉजरने कपाळाला हात लावला. पहिल्यांदा मी त्याला घड्याळ न बघता बोलताना पाहिलं. त्याने समजावलं, दरडावलं, आणि शेवटी हॉलचं नाव काढलं. काका फक्त म्हणाले की दोघं गेले तरी आपण एका मताने जिंकतोच, मग बिघडलं काय. गणित बरोबर होतं, त्यामुळे रॉजर आणखी चिडून निघून गेला.

तो गेल्यावर मी म्हटलं, "काका, निदान व्हिपला एक ईमेल तरी टाका ना. फॉर द रेकॉर्ड."

"अगं, आजारी माणसाच्या उशाशी दिलेला शब्द, तो काय ऑफिसात जाऊन लिहून द्यायचा? त्याला वाटेल मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण मी काकूंकडे बघितलं. त्या कणीक मळत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. इतक्या वर्षांत त्या एवढंच शिकल्या होत्या की हा माणूस हरायला निघाला की आडवं जायचं नाही.

चोवीस तारखेला टाउन हॉलची गॅलरी भरली. लंच क्लब सगळा आलेला. सासूबाई चांगली साडी, त्यावर माझा जुना कोट, आणि शेजारी डोरीन. खाली काकांची खुर्ची रिकामी. वाद सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल तेव्हा मागचं दार उघडलं आणि सत्ताधाऱ्यांच्या व्हिपने व्हीलचेअर ढकलत आत आणली. खुर्चीत डेरेक होता. मांडीवर ब्लँकेट, तोंड पांढरं.

मी गॅलरीतून बाहेर धावले आणि काकांना फोन लावला.

"काका, डेरेकला आणलंय. आता टाय होणार, आणि टाय झाली की मेयरचं कास्टिंग वोट. मेयर त्यांचा आहे. तुम्ही कॅब घ्या आणि निघा. डिबेट अजून चालू आहे, यू हॅव टाइम."

"त्याने मत दिलं का?"

"वोटिंग झालेलं नाही अजून. म्हणून तर फोन करतेय."

"मग त्याने शब्द कुठे मोडलाय? बिचाऱ्याला ओढून आणलं असेल. तो हात नाही वर करणार."

"आणि केला तर?"

काका म्हणाले, "अनुराधा, मी तिथे येऊन बसलो ना, तर तो नक्की करेल."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला. अजूनही ते वाक्य आठवलं की येतो, आणि मग लगेच काहीतरी दुसरंही वाटतं, त्याला मला नाव देता येत नाही. मी फोन बंद केला आणि आत जाऊन सासूबाईंच्या शेजारी बसले.

मतदान पुकारलं. बंद करण्याच्या बाजूने कोण? हात वर झाले. डेरेक समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. व्हिप त्याच्या कानाशी वाकला. डेरेकचा हात ब्लँकेटखालून निघाला आणि खांद्यापर्यंत आला. त्याहून वर गेला नाही. क्लार्कने तो मोजला. बरोबरी झाली, मेयरने आपलं जादा मत टाकलं आणि हॉल बंद झाला. सासूबाईंनी मला विचारलं, "झालं का? जिंकलो?" मी त्यांच्या कोटाची बटणं लावायला लागले.

घरी जायच्या आधी मी काकांकडे गेले. दार काकूंनी उघडलं. त्या रात्री त्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही, कारण काका कुठून आलेलेच नव्हते. ताट वाढून ठेवलेलं, हात न लावलेलं.

"केला?" काकांनी विचारलं.

"केला."

"पूर्ण वर?"

"खांद्यापर्यंत."

"म्हणजे त्याला करायचा नव्हता," काका म्हणाले.

"काका, इथे अर्धा हातसुद्धा पूर्ण मोजतात."

ते चष्मा काढून पुसत बसले, आणि चष्मा स्वच्छ होता. मग म्हणाले, "मला खरंच वाटलं होतं गं, तो नाही करणार." उभा जन्म लोकांना भूल देणारा माणूस, आणि त्याला स्वतःला इतकं लागताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे महिने वाईट गेले. महाराष्ट्र मंडळात लोक त्यांना ऐकू जाईल असं बोलायचे. नंदू म्हणून एक बँकेतला मुलगा आहे, इथे येऊन त्याला दोन वर्षं झालेली, तो म्हणाला, "नाइस गाय असणं ठीक आहे काका, पण दॅट वॉज आवर हॉल." लंच क्लब दोन बस बदलून जायच्या जागी हलवला. सासूबाई एकदा गेल्या, परत गेल्या नाहीत. डोरीनला तर तेवढंही जमलं नाही. सासूबाई पुन्हा खिडकीत बसायला लागल्या, आणि समोरून काका जाताना दिसले की पडदा ओढायच्या. काका त्या पडद्याला नमस्कार करून पुढे जायचे.

काकूंची तक्रार वेगळीच होती. "मत गेलं ते गेलं. माझा डबा तरी आणा त्याच्याकडून."

सहा सालच्या मे महिन्यात निवडणुका झाल्या. काकांचा पक्ष इतक्या वर्षांनी आमच्या बरोत सत्तेवर आला. वॉर्डामागून वॉर्ड घेतले. ज्यांना भाषण करता येत नव्हतं, सभेत जांभया द्यायचे, तेही निवडून आले. पडले फक्त काका. ज्ञानेश्वरने त्यांना मत दिलं नाही आणि तसं तोंडावर सांगितलं. काका म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मतमोजणीच्या ठिकाणी फुगे लावलेले, सगळे एकमेकांना मिठ्या मारताहेत, आणि काका प्रत्येकाचं अभिनंदन करत हिंडताहेत. मग कोटाची बटणं लावली आणि बस पकडली. पक्ष जिंकल्याच्या दिवशीसुद्धा काकूंना वेगळं वाक्य शोधावं लागलं नाही.

जागेची विक्री अजून झालेली नव्हती, म्हणून आता हॉल परत उघडणार, असं आम्हाला वाटलं. पत्रकात तसं छापलेलं होतं, ती पत्रकं मीच वाटली होती. रॉजर कौन्सिलचा नेता झाला आणि दोन महिन्यांत त्याच्या लक्षात आलं की बाहेरून वाटतं तितकं हे सोपं नाही. विषय विचाराधीन गेला. सप्टेंबरमध्ये विचार संपला आणि विक्रीचा प्रस्ताव आला, त्याच बिल्डरला.

विरोध करायला उभा राहिला डेरेक. हो, तोच. तो आपल्या वॉर्डातून कसाबसा टिकला होता आणि आता विरोधी बाकावर होता, काकांच्या जुन्या जागेच्या जवळपासच. हातात काठी, चेहरा तसाच लाल. त्याने छपराबद्दल विचारलं, मंगळवारबद्दल विचारलं, म्हाताऱ्या माणसांनी दोन बस कशा बदलायच्या ते विचारलं. प्रश्न काकांचेच होते. सात वर्षं समोर बसून झोप काढतोय असं वाटायचं, पण तो ऐकत होता. रॉजरच्या बाकावरचे लोक हसले. हात वर झाले आणि डेरेक हरला.

गॅलरीत मी एकटीच होते. बाहेर तो बसस्टॉपवर काठी टेकून उभा, काखेत एक प्लास्टिकची पिशवी. मला त्याच्याशी बोलायचं नव्हतं. पण पाऊस सुरू होता आणि मला नाही म्हणता येत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे. माझ्या गाडीत बसल्यावर तो माझ्याच गल्लीचा पत्ता सांगायला लागला. म्हणजे समोरच्या घराचा.

दार काकूंनी उघडलं. डेरेकने पिशवीतून स्टीलचा डबा काढला आणि दोन्ही हातांनी पुढे केला. इतके महिने तो का आणला नाही, हे कुणी विचारलं नाही. काकूंनी झाकण उघडून आत बघितलं. डब्यात शॉर्टब्रेडची बिस्किटं होती, वेडीवाकडी कापलेली, म्हणजे घरी केलेली. रिकामा डबा परत करायचा नसतो हे त्याला कुणी शिकवलं, देव जाणे. काकूंनी त्याच्या ओल्या कोटाकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, आणि इंग्रजीत म्हणाल्या, "लॉस्ट, नो? वॉश हँड्स. आय सर्व्ह."

काकांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. वरणभात, बटाट्याची भाजी, पोळी. डेरेक चमच्याने जेवला. काका त्याला समजावत होते की विक्रीचे कागद पुरे व्हायला अजून अवकाश आहे, पुढच्या सभेत प्रश्न कसा विचारायचा, आणि लोक हसले तर त्यांच्याकडे न बघता कुठे बघायचं. जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हरण्याचा कुणाला तरी उपयोग होत होता आणि ते रंगात आले होते.

भात संपल्यावर डेरेकने चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "या बाईंनी त्या दिवशी तुला फोन केला होता. मी त्यांना बाहेर पळताना पाहिलं. तू येऊ शकला असतास. तू आलास तर बरं होईल, असं मला सारखं वाटत होतं. मला मग हात वर करायला काही वाटलं नसतं. का नाही आलास?"

काकांना प्रश्नच कळला नाही असं वाटलं. त्यांनी त्याच्या पानात आणखी थोडी भाजी वाढली.

"हाऊ कुड आय कम, डेरेक?" ते म्हणाले. "यू वेअर नॉट वेल."

डेरेकने पुन्हा चमचा उचलला आणि भाजी नुसतीच पानाच्या कडेला सारत राहिला. काकू उठल्या, डबा धुतला, पुसला आणि त्यात लाडू भरायला लागल्या.